परातीच्या काठावरचं नाव

मी ज्युनिअर कॉलेजात इतिहास शिकवायचे तेव्हा माझा एक तास मुलींमध्ये प्रसिद्ध होता. त्याला त्या ‘टेबलाचा तास’ म्हणायच्या. फळ्यावर मी चार रकाने आखायचे. राज्य कुणाचं, कुणावर, काय नेलं, आणि चौथा, परत काय दिलं. मग एकेका देशाला वर्गासमोर उभं करायचे. सुरुवात इंग्रजांपासून, कारण त्यांच्यावर राग काढणं सगळ्यांत सोपं. मग सोन्यासाठी समुद्र ओलांडणारे स्पॅनिश, रबरासाठी माणसांचे हात तोडणारे बेल्जियन, अल्जेरियातले फ्रेंच, कोरियातले जपानी, मूळच्या माणसांना हाकलून त्यांच्याच जमिनीवर कुंपणं घालणारे अमेरिकन. चौथा रकाना बहुतेक रिकामाच राहायचा. तो रिकामा सोडताना मला फार बरं वाटायचं.

जर्मनी मी मुद्दाम शेवटी घ्यायचे आणि तिथं आवाज खाली आणायचे. ज्यूंना गाड्यांत कोंबून नेलं ते सरकारनं, पण त्यांच्या घरातले पलंग, पडदे, कपबश्या कुठं गेल्या? बरंचसं शेजाऱ्यांच्या घरात गेलं. ‘शेजाऱ्यांच्या!’ असं म्हणून मी खडू फळ्यावर आपटायचे. मुलींची पेनं लिहिता लिहिता थांबायची.

एकदा एका मुलीनं विचारलं, मॅडम, या टेबलात आपली ओळ कुठंय? मी म्हणाले, ‘आपण नेणाऱ्यांतले नाही, ज्यांचं नेलं त्यांच्यातले.’ पोरींनी टाळ्या वाजवल्या. मला स्वतःलाही ते वाक्य इतकं आवडलं की पुढं दरवर्षी मी ते ठेवणीतल्या साडीसारखं बाहेर काढत राहिले. आज ते आठवलं की कानशिलं तापतात.

तो काळ सगळ्यांनाच एकदम जगाची माहिती होण्याचा होता. घरोघर केबल आली होती. परवापर्यंत रात्रीच्या बातम्यांवर भागवणारी माणसं आता नाश्त्याच्या वेळी परदेशातली निवडणूक बघत होती. कॉलेजातल्या हुशार मुली इतिहास सोडून कॉम्प्युटरच्या क्लासला पळत होत्या. माझा धाकटा भाऊ त्याच वाटेनं अमेरिकेला गेला, आई आधीच वारली होती, म्हणून दादा, म्हणजे माझे वडील, आमच्याकडे राहायला आले. आम्ही नुकताच हैदराबादच्या मलकपेठेत फ्लॅट घेतला होता. येताना दादांनी दोन ट्रंका आणल्या, भिंगाचा चष्मा आणला आणि एक परात आणली.

परात तांब्याची होती, दोन्ही हात पसरून धरावी लागेल एवढी. आमच्या घरी होळीचं, पोळ्याचं, कुळधर्माचं पुरण तिच्यातच मळलं जायचं. आतून कल्हई, बाहेरून चिंचेनं घासून लालभडक. काठाच्या बाहेरच्या अंगाला टिंबाटिंबांची उर्दू अक्षरं कोरलेली होती. लहानपणी मी विचारलं होतं, हे काय लिहिलंय? दादा म्हणाले होते, ‘दुकानदाराचं नाव.’ मला ते पटलं. जुन्या हैदराबादेत उर्दू कशावर नव्हती? स्टँपपेपरवर, वजनांवर, मैलांच्या दगडांवर. परातीवर असली तर त्यात विशेष काय? कल्हईवाला गल्लीत आला की दादा मात्र स्वतः उठून बाहेर जायचे आणि त्याला बजावायचे, ‘किनारे कू रगडो नक्को.’ दादांना ती नक्षी आवडते, एवढाच मी त्याचा अर्थ लावला होता.

दादा महसूल खात्यातून रिटायर झालेले. शिक्षण सगळं निजामाच्या राज्यात, उर्दूतून. त्यामुळं रोज सकाळी भिंग लावून उर्दू पेपर वाचायचे. आम्हा भावंडांना मात्र त्यांनी ती लिपी शिकवली नाही. ‘आता तिचा उपयोग नाही,’ म्हणायचे. आमच्यासारख्या कितीतरी मराठी घरांत हेच होतं. बाप उर्दू पेपर वाचतोय आणि पोरांना त्याचं उजवं-डावं कळत नाही. आम्हाला त्याची खंत नव्हती. पेपर वाचून झाला की मी त्यावर कोथिंबीर निवडायचे.

कॉलेजात उर्दू शिकवणाऱ्या एक बाई होत्या. सगळे त्यांना आपा म्हणायचे. माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठ्या, अंगानं बारीक, हसताना तोंडावर पदर धरणाऱ्या. आम्ही दोघी स्टाफरूममध्ये एका टेबलावर बसायचो आणि डबे अदलाबदल करून खायचो. त्यांना माझं वरण आवडायचं, मला त्यांची अंबाडीची भाजी. माझ्या टेबलाच्या तासाची त्या चेष्टा करायच्या. ‘क्या मॅडम, आज किनकू फाँसी दिए?’ असं विचारायच्या. मी मोठ्या उत्साहानं सांगायचे.

त्या वर्षी होळीला मी आपांना जेवायला बोलावलं. आल्या आल्या त्यांनी दादांशी पेपरातल्या एका गझलेवर गप्पा मारल्या. दादा खुलले. मग पदर खोचून त्या सरळ स्वयंपाकघरात आल्या. पाहुण्यासारखं बाहेर बसणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. मी ओट्यावर परात तिरकी धरून उलथन्यानं पुरण गोळा करत होते. काठ त्यांच्याकडं होता. त्या वाकल्या, बोट फिरवलं आणि वर्गात हजेरी घ्यावी तसं सहज मोठ्यानं वाचलं. आधी एका मुलीचं नाव, मग तिच्या वडिलांचं आणि मग आमच्या गावाचं.

‘ये तो किसी बच्ची के शादी का बर्तन है जी,’ आपा म्हणाल्या. ‘शादी मुबारक बी लिख्खे हुए है. गाँव तुम्हारा इच है ना?’

मी म्हणाले, दुकानदाराचं नाव असेल. आपा हसल्या. दुकानदार कशाला मुलीचं नाव घालेल? मुलीला भांडी देताना नाव घालायची रीत आमच्यातही होती, मलाही ते ठाऊक होतं. माझ्या लग्नातल्या प्रत्येक तांब्या-फुलपात्रावर आईनं माझं नाव घालून घेतलं होतं. बाहेर पेपरची घडी घातल्याचा आवाज आला. दादा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले होते. तसेच परत गेले.

जेवताना आपा म्हणाल्या, ‘हमारे मोहल्ले में उधर के भोत लोगां हैं. पोलीस अ‍ॅक्शन के बाद आए सो. पूछती मैं.’ त्यांच्या मनात काही नव्हतं. हरवलेली किल्ली सापडल्यावर आपण शेजारीपाजारी विचारतो तशा त्या बोलत होत्या. मी पोळीवर तूप वाढत राहिले, ते ताटाबाहेर सांडलं.

आपा गेल्यावर मी दादांसमोर जाऊन बसले. माझ्या नाकावर राग असतो हे घरात सगळ्यांना माहीत आहे. ‘कुणाची परात आहे ती?’ मी विचारलं.

दादांनी चष्मा काढला. ‘मौलवीसाहेबांच्या पोरीची,’ म्हणाले. ‘गावातल्या शाळेचे मास्तर होते ते. मला अलिफ-बे त्यांनीच शिकवली. लग्न दोन महिन्यांवर आलं होतं तिचं. भांड्यांवर नावं घालून झाली होती.’

निजामाचं राज्य भारतात सामील करून घ्यायला सैन्य आलं, त्याला आमच्याकडे पोलीस अ‍ॅक्शन म्हणतात. त्याआधी रझाकारांनी, निजामाच्या बाजूच्या सशस्त्र टोळ्यांनी, काय काय केलं ते मी लहानपणापासून ऐकत आले होते. आमच्या चुलत आजोबांची गंजी जाळली, गावातली माणसं रानात लपून राहिली, हे सगळं खरं होतं. त्यानंतरच्या आठवड्यात काय झालं, ते मात्र मला कुणी सांगितलं नव्हतं. आणि मीही, इतिहासाची बाई, कधी विचारलं नव्हतं.

‘लोक घरांत घुसले,’ दादा सांगत होते. ‘मौलवीसाहेबांना अन् त्यांच्या पोराला ओट्यावरच... बायका विहिरीकडं पळाल्या. त्या वर्षी गावाच्या विहिरीचं पाणी आम्ही प्यायलो नाही, माय. नंतर घरं मोकळीच पडली होती. जो तो काही ना काही नेत होता. तुझी आजी म्हणाली, आपण नाही नेलं तर दुसरा नेईल, आपण जपून तरी ठेवू, कुणी आलं की देऊन टाकू. मी सोळा-सतरा वर्षांचा होतो. डोक्यावर घेऊन आलो.’

‘मग कुणी आलं?’

‘नाही आलं.’

मी लगेच माझं टेबल बाहेर काढलं. अगदी वर्गातल्यासारखं. रझाकारांनी आधी केलं होतं, मी म्हणाले. फाळणीत दोन्हीकडून झालं, म्हणाले. जगात कुठं झालं नाही? त्या मानानं आपलं ते काय! ज्या देशांना मी दरवर्षी वर्गासमोर उभं करत होते त्यांनाच आता मी आमच्या घराच्या बाजूनं साक्षीला बोलावत होते, आणि बोलता बोलता मला ते कळतही होतं. तरी मी थांबले नाही. दादांनी सगळं ऐकून घेतलं.

‘मौलवीसाहेबांनी काय केलं होतं?’ त्यांनी विचारलं. ‘मला वाचायला शिकवलं. त्याच्यावरच नोकरी लागली.’

मग म्हणाले, ‘विचारू दे आपाला. कुणी असलं तर बरंच होईल.’ आणि त्या संध्याकाळी त्यांनी साखरेचं दुखणं असूनही दोन पोळ्या मागून खाल्ल्या. इतक्या वर्षांत त्यांना असं मोकळं झालेलं मी पाहिलं नव्हतं. मला त्यांचा राग आला. ओझं त्यांनी माझ्या डोक्यावर ठेवलं आणि स्वतः जेवत बसले, असं वाटलं.

तो आठवडा मी नीट झोपले नाही. कुणी आलं तर? दारात उभं राहून काय म्हणेल? आज परात, उद्या आणखी काय विचारतील? गावातलं आमचं घर केवढं वाढलं होतं, त्याचा मागचा भाग कुणाचा होता? ते मी दादांना विचारलं नाही, कारण उत्तर येईल अशी भीती होती. शेजारच्या फ्लॅटमधल्या बाई काय म्हणतील? भाऊ अमेरिकेतून काय म्हणेल? कॉलेजात कळलं तर मुली फळ्यावर माझीच ओळ लिहितील. या सगळ्या विचारांत त्या मुलीचा विचार एकदाही आला नाही, हे मला आता लिहिताना कळतं आहे.

शनिवारी दादा डोळे दाखवायला माझ्या नवऱ्याबरोबर दवाखान्यात गेले. मी परात चादरीत गुंडाळली, रिक्षा केली आणि बेगम बाजारात गेले. भांड्यांच्या गल्लीत पॉलिश करणारे बसतात. आता त्यांच्याकडे विजेवर फिरणारी चाकं आली होती. एका कारागिराला मी काठ दाखवला आणि म्हणाले, हे घासून काढायचंय. त्यानं परात उजेडाकडं धरली आणि अक्षरांवरून नजर फिरवली. त्यानं ती वाचली असावीत. मी दुसरीकडं बघत राहिले.

‘पूरा निकाल दूँ?’

‘हौ.’

‘ऐसे भोत आते थे पहले,’ तो म्हणाला. ‘अब कम हो गए.’

त्यानं चाक सुरू केलं. तांब्याचा भुसा त्याच्या गुडघ्यावर पडत होता. दहा मिनिटंही लागली नाहीत. काठ नव्यासारखा झाला, पण त्या जागी जरासा पातळ आणि फिकट दिसायला लागला. तोच म्हणाला, बाई, इथं नवीन नाव घालून घ्या, म्हणजे डाग दिसणार नाही. मी माझं नाव सांगितलं. विचार करायला एक क्षणही लागला नाही. त्यानं मशीननं टकटक करत ते देवनागरीत कोरलं.

मी परात जागेवर ठेवली. दादांना मोतीबिंदू होता, दिसणार नाही असं मला वाटलं. पण ते डोळ्यांनी वाचतच नव्हते. संध्याकाळी पाणी प्यायला आले तेव्हा जाता जाता त्यांचा हात काठावरून गेला. तेव्हा मला उमजलं, हा हात रोज तिथून जात असणार. बोटं थांबली, मागं आली, पुन्हा फिरली.

‘माय,’ दादा म्हणाले, ‘एवढं तर मीसुद्धा केलं नव्हतं.’

मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटलं. मी गॅसवरचं दूध बघायला वळले.

पंधरा-वीस दिवसांनी आपा स्टाफरूममध्ये लगबगीनं आल्या. डबा उघडायच्या आधीच माझ्या हातावर हात ठेवून म्हणाल्या, ‘मिल गए जी!’ त्या मुलीची धाकटी बहीण होती. तेव्हा दहा वर्षांची. शहरात मामाकडं आली होती म्हणून वाचली. आता साठीला टेकली होती, मुलाकडं राहत होती, तीही मलकपेठेतच, रेसकोर्सच्या मागच्या गल्लीत. आपांनी तिला परातीचं सांगितलं होतं.

‘परात नक्को बोले उनों,’ आपा म्हणाल्या. ‘घर में रखने कू जगा बी नहीं. खाली नाम देखना बोले. एक बार हात फिराना बोले.’

बहिणीचा फोटो नव्हता. कबर नव्हती. गावात घर नव्हतं. तिचं नाव लिहिलेला एक कागदसुद्धा कुठं नव्हता. आपा रविवारी तिला घेऊन येणार होत्या, चालेल ना म्हणून विचारत होत्या.

मी म्हणाले, ‘आपा, ती परात आता नाही. मोडीत दिली.’

तेव्हा जुनी भांडी द्या, नवी घ्या अशा योजना दुकानादुकानांत चालू होत्या. आमच्या बिल्डिंगमध्ये निम्म्या बायकांनी तांबं-पितळ देऊन नॉनस्टिक आणलं होतं. त्यामुळं माझं खोटं अगदी खऱ्यासारखं होतं.

‘कब?’

‘होळीनंतर.’

आपांनी हात काढून घेतला. रागावल्या नाहीत. डब्याचं झाकण लावलं, उघडलं, परत लावलं. मग म्हणाल्या, ‘ठीक है. उनकू बोल देती मैं. पढ़ने में मेरी गलती हो गई करके बोल देती.’

पंचवीस वर्षं उर्दू शिकवणारी बाई, माझ्यासाठी, आपल्याला वाचता आलं नाही असं सांगणार होती. मी ‘थँक्यू, आपा’ म्हणाले. खरंच म्हणाले.

घरी दादा वाट बघत होते. त्या दिवसानंतर ते माझ्याशी कामापुरतं बोलायचे, पण हा प्रश्न मात्र रोज विचारायचे. ‘आपा काय म्हणाली?’ त्या दिवशीही विचारलं. मी म्हणाले, ‘कुणी नाही सापडलं, दादा. कुणीच राहिलं नाही म्हणे.’ दादा ‘बरं’ म्हणाले. पुन्हा त्यांनी विचारलं नाही. ज्या बाईला भेटल्यावर त्यांचा जीव हलका झाला असता ती वीस मिनिटांच्या वाटेवर राहत होती. आणि दादा पावसाळ्याच्या शेवटी, तिथून कुणीच उरलं नाही असं मानून गेले.

मधल्या काळात टेबलाचा तास मी एकदा घेतला. जर्मनीपाशी आले आणि मुलींना म्हणाले, बाकीचं पुस्तकात वाचा. त्यांना वाटलं, मॅडमना बरं नाही.

तेराव्याला घरात नातेवाईक बायकांची गर्दी झाली. गोडाचं जेवण होतं. मी कामात होते, आणि कुणीतरी मी माळ्यावर टाकलेली परात काढून तिच्यात पुरण मळायला घेतलं, ते मला उशिरा दिसलं. मी पुढं होणार तेवढ्यात दारात आपा दिसल्या. दादांसाठी आल्या होत्या. नेहमीच्या सवयीनं बाहेर न बसता सरळ आत आल्या होत्या. हातात रिकामा पाण्याचा ग्लास होता. त्यांची नजर परातीवर गेली, मग काठावर. देवनागरी त्यांना वाचता येत होती.

माझ्या आतेबहिणीनं पुरणाचा हात काठावर टेकला, नाव वाचलं आणि कौतुकानं म्हणाली, ‘केवढी जड आहे गं! अशी भांडी आता मिळत नाहीत. तुझ्या लग्नातली का?’

आपा माझ्याकडं बघत होत्या.

‘हो,’ मी म्हणाले.